जुन्या प्रोसेसरचा वेग आणि आपला उन्हाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात जुने संगणक बदलण्याविषयी लेख आला होता. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर रीतसर चढत नाही, तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुने यंत्र सरळ काढून टाका, असा त्याचा सूर होता. लेखातली माहिती खरी आहे. पण तो वाचून माझ्या ओळखीच्या तिघांनी आपली यंत्रे भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली. त्यातली दोन मी आतून पाहिलेली होती, ती अजून सहज चार-पाच वर्षे चालली असती. म्हणून, जुन्या यंत्राचा वेग आपल्याला कसा वाढवता येतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो कुठे थांबवावा, हे सांगायला हे पत्र लिहितो आहे. लांबले आहे याची जाणीव आहे, पण शक्य झाल्यास पूर्ण छापावे.

मी अकोल्यात फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट फोटो, अल्बम, लग्नाचे व्हिडिओ अशी कामे. माझे मुख्य यंत्र २०११ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेले आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-५ २५००के आहे. नावातला शेवटचा 'के' महत्त्वाचा. या प्रोसेसरचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, त्याला ३३ या गुणकाने गुणले की ३.३ गिगाहर्ट्झ वेग होतो. चारही कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, एकदम कामाला लागले तर गुणक आपण होऊन ३४ वर जातो. साध्या २५०० मध्ये हा गुणक थोडाफारच हलतो, 'के' असेल तर तो पूर्ण खुला असतो, म्हणजे मालकाला स्वतः वाढवता येतो. दुकानदाराने माझ्याकडून 'के'चे जादा पैसे घेतले आणि खाली मदरबोर्ड दिला एच-६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची कारभारी चिप), ज्याच्यावर हा गुणक वाढवताच येत नाही. पी-६७, झेड-६८ किंवा झेड-७७ चा बोर्ड लागतो. बारा वर्षे मी पैसे मोजलेली गोष्ट न वापरता बसलो होतो.

खरे तर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर छापील वेगाहून जोरात चालवणे, मला नवे नव्हते. १९९९ मध्ये मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका असेंबलवाल्याकडे आठ महिने हाताखाली होतो. तेव्हा सेलेरॉन ३००ए चा बोलबाला होता. १९९८ चा प्रोसेसर, ३०० मेगाहर्ट्झचा. त्याची बस, म्हणजे मूळ ठोका, ६६ ची. ती १०० केली की तोच तुकडा ४५० वर पळायचा, आणि ४५० चा पेंटियम टू त्याच्या कितीतरी पट महाग होता. ज्या बोर्डात बस बदलायची सोय नव्हती, तिथे आमचे वस्ताद प्रोसेसरच्या पट्टीवरचा बी-२१ क्रमांकाचा पाय सेलोटेपच्या बारीक तुकड्याने झाकायचे. ब्लेडने कापलेला तो तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान असे, आणि तो बसवताना दुकानात कुणी पंखा लावायचा नाही. सगळेच तुकडे ४५० वर टिकत नसत. जो टिकत नसे तो वस्ताद मुकाट्याने ३०० वर आणून द्यायचे, ग्राहकाला खोटे सांगायचे नाहीत. हे असे का होते, तेही त्यांनीच सांगितले. कारखान्यात एकाच चकतीवर शेकडो प्रोसेसर बनतात. त्यातला प्रत्येक थोडा निराळा असतो. कंपनी त्यांना तपासून, सगळ्यात वाईट परिस्थितीतही चालेल असा वेग त्यावर छापते. छापलेला वेग आणि खरी ताकद यांच्यामध्ये जी जागा उरते, ती आपल्या हातात.

२०२३ च्या दिवाळीनंतर लग्नसराईच्या तोंडावर मला नव्या यंत्राचे कोटेशन आले ४२ हजारांचे. तेवढे नव्हते. मग विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठली, ग्रँट रोडला उतरून पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. झेड-७७ चिपसेटचा जुना बोर्ड ३,२०० रुपयांना मिळाला. माझा प्रोसेसर आणि माझी डीडीआर-३ रॅम त्याच्यावर तशीच बसते. जुना बोर्ड घेताना एक काळजी घ्यावी लागते. या पिढीत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटात असतात, ११५५ पिना, केसाइतक्या बारीक. एक वाकली तरी रॅमचा अर्धा भाग दिसेनासा होऊ शकतो. मी खिशातून निगेटिव्ह बघायचे भिंग काढले आणि मोबाइलचा उजेड तिरपा धरून रांगेने सगळ्या पिना पाहिल्या. सरळ असतील तर उजेडात एकसारख्या चमकतात, शेतातल्या तासांसारख्या. पहिल्या बोर्डात डाव्या कोपऱ्यात दोन ठिपके जागेवर नव्हते. दुसरा घेतला.

प्रोसेसरवर बसणारा उभा टॉवर कूलर १,७०० ला, त्या दोघांच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट ३५० ला आणि चांगला एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, २,६०० ला. एकूण ७,८५०. यातला एसएमपीएस लोक वाचवतात आणि तिथेच फसतात. जुन्या कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ४५० वॉट लिहिलेले असते, पण खऱ्या लोडवर तो त्याच्या निम्म्यावरच धापा टाकतो.

जुने यंत्र उघडले तेव्हा हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये बोटभर जाडीचा थर निघाला. तो नुसत्या धुळीचा नव्हता. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा तूस उडतो, तो आत जाऊन पंख्याखाली गादीसारखा बसतो. दुसरी गोष्ट मागच्या जोडण्यांवर दिसली, पांढरट-हिरवी बुरशी आल्यासारखी. ती खोलीतल्या पाण्याच्या कूलरची देणगी. अकोल्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचे खारे पाणी कूलरमध्ये फिरते, त्याचे तुषार वाऱ्यासोबत खोलीभर जातात, पाणी उडून जाते आणि क्षार धातूवर बसतो. संगणकाला थंड हवा मिळावी म्हणून कितीतरी लोक कॅबिनेट कूलरसमोर ठेवतात. कृपा करून ठेवू नये. कॅबिनेट बाजूला, जमिनीपासून हातभर वर आणि दर महिन्याला ब्लोअर, एवढ्यानेच माझ्या जुन्या बोर्डावरचे तापमान ११ अंशांनी उतरले होते, काहीही न वाढवता.

नव्या बोर्डावर मी एका संध्याकाळी फक्त गुणक वाढवत गेलो. ३६, ३८, ४०, ४२. मूळ १०० चा ठोका अजिबात हलवला नाही, कारण या पिढीत त्याच ठोक्यावर हार्डडिस्कची साटा ही जोडणी आणि इतर कार्डांची पीसीआय एक्स्प्रेस ही जोडणी चालतात. तो पाच-सात टक्क्यांनी वाढवला तरी डिस्कवर चुकीचे लिहिले जाऊ शकते, आणि लोकांच्या लग्नाचे चित्रीकरण दुसऱ्यांदा मिळत नाही. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ हा प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम तासभर चालवायचा, कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये अंश पाहायचे, वहीत लिहायचे. ४२ पर्यंत व्होल्टेज १.२० च्या आसपास पुरले. बोर्डाच्या 'ऑटो'वर भरवसा ठेवला असता तर त्याने स्वतःहून १.३५ च्या वर नेले असते. हे मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून व्होल्टेज हाताने बांधून ठेवले.

फरक काय पडला, तो माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ रेंडरला, म्हणजे संपादन संपल्यावर अंतिम फाइल तयार करायला, लावला की ३ तास २० मिनिटे लागायची. ४.२ वर २ तास ४५ मिनिटे लागतात. दिवसाला तीन कामे असली तर पावणेदोन तास वाचतात. हंगामात तेवढ्या वेळात मी घरी जेवायला जातो.

मग मी ४.५ करून पाहिले. माझ्या तुकड्याला त्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. इथला हिशेब प्रत्येक मुलाने कागदावर करावा असा आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२० वरून १.३५ म्हणजे व्होल्टेजमुळे जवळपास २७ टक्के आणि वेगामुळे ७ टक्के, दोन्ही मिळून सुमारे ३६ टक्के जास्त उष्णता. मिळाले काय, तर ७ टक्के वेग. जानेवारीत माझ्या दुकानात १९ अंश होते. ४.२ वर पूर्ण लोडला प्रोसेसर ६१ अंश दाखवत होता, खोलीपेक्षा ४२ ने वर. ४.५ वर ७६ दाखवले, म्हणजे खोलीपेक्षा ५७ ने वर. ७६ हा आकडा कुणालाही ठीकच वाटेल, कारण या प्रोसेसरची आतली मर्यादा ९८ ची आहे.

पण तो जानेवारी होता. मी फोटोग्राफर आहे आणि डार्करूममध्ये वाढलो आहे. डेव्हलपर २० अंशांवर असेल तर फिल्मला अमुक मिनिटे, २४ वर असेल तर त्याहून कमी, हा तक्ता आमच्या भिंतीवर चिकटवलेला असायचा. मे महिन्यात तसराळ्याखाली बर्फ ठेवून आम्ही फिल्म धुतल्या आहेत. परदेशी डब्यावर छापलेली वेळ अकोल्याच्या पाण्याला लागू होत नाही, हे तेव्हा पोरसवद्या हेल्परलाही ठाऊक होते. तोच डार्करूमचा थर्मामीटर आता माझ्या कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला टांगलेला आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, ज्या उष्णतेपायी अकोल्यात प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले, त्या दिवसांत त्याने दुपारी तीनला ४१ दाखवले होते. ४१ मध्ये ५७ मिळवले की बरोबर ९८ होतात. जानेवारीत निर्धोक वाटलेले यंत्र मे महिन्यात मर्यादेच्या रेषेवर उभे राहिले असते, स्वतःच वेग तोडत बसले असते आणि शेजारचा बोर्ड भाजून निघाला असता.

ओव्हरक्लॉकिंगचे जे व्हिडिओ आपली मुले पाहतात, त्यातली बहुतेक खोली २०-२२ अंशांची असते. त्या खोलीत ते बरोबरच असतात. आपल्या खोलीत नसतात, आणि ही एक ओळ कुणी सांगत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाची गोष्ट मला यासाठीच लिहायची आहे. बारावीला आहे, वडील बाजार समितीत हमाली करतात. त्यांनी १२ हजार जमवून त्याला जुना संगणक घेऊन दिला. आत एएमडीचा आठ कोअरचा एफएक्स-८३५०. चांगला प्रोसेसर, १२५ वॉटचा, आणि त्या मालिकेत सगळ्यांचेच गुणक खुले असतात. पण तो बसवला होता अगदी स्वस्तातल्या बोर्डावर. प्रोसेसरला वीज पुरवणारे जे मॉस्फेट असतात, त्यांच्यावर त्या बोर्डात हीटसिंकच नव्हता. मुलाने व्हिडिओत पाहून १.५ व्होल्ट टाकले. एप्रिलची दुपार, पत्र्याची खोली. तो धावत माझ्याकडे आला, "काका, वास येऊन रायला होता, अन् मंग बंदच पडला." मी कॅबिनेट उघडले तर प्रोसेसरच्या डाव्या बाजूला बोर्ड नखाएवढा तपकिरी झाला होता आणि एका मॉस्फेटच्या पोटाला भोक पडले होते. प्रोसेसर वाचला, बोर्ड गेला. मुलगा रडला नाही, पण बोर्डावरच्या त्या डागावरून त्याने तीन-चारदा बोट फिरवले. वडिलांना काय सांगायचे हे मला विचारत होता.

त्याची चूक वेग वाढवण्याची नव्हती. उत्सुक मुलगा आहे, असे करूनच माणूस शिकतो. त्याला बोर्डाची वीज-बाजू पाहायला कुणी शिकवले नव्हते, आणि व्होल्टेजचा आकडा दुसऱ्याच्या यंत्रावरून उचलायचा नसतो हे सांगितले नव्हते. मराठीत हे लिहिलेले कुठे मिळत नाही. इंग्रजीत आहे, पण ते दुसऱ्या हवेसाठी आहे.

माझ्याकडूनही एकदा अनर्थ होता होता वाचला. पहिल्या हिवाळ्यात मी ४.४ वर काम करत होतो, १.२४ व्होल्टवर. प्राइम९५ तासभर चालले म्हणून मी निर्धास्त. एका लग्नाचा व्हिडिओ रेंडर झाला, पेनड्राइव्हवर गेला. देण्याआधी मी नेहमीप्रमाणे पूर्ण पाहिला. पाठवणीच्या प्रसंगात, मुलगी आजीच्या गळ्यात पडते तिथे, आजीच्या चेहऱ्यावर तळहाताएवढा हिरवा चौकोन आला आणि अर्ध्या सेकंदात गेला. मूळ चित्रीकरणात तो नव्हता. प्रोसेसरने हिशेब चुकवला होता आणि यंत्र बंदही पडले नव्हते. निळी स्क्रीन आली तर माणूस सावध होतो, इथे काहीच आले नाही. त्या रात्री परत चाचणी लावली, तेव्हा दोन तासांनी एका कोअरने चूक दाखवली. तेव्हापासून मी नवी पायरी घेतली की रात्रभर चाचणी घेतो, आणि हंगाम सुरू असताना एकही आकडा बदलत नाही.

आता माझ्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये, दोन प्रोफाइल साठवलेली आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत ४.२, १.२० व्होल्टवर. होळीनंतर ३.८, पण व्होल्टेज उतरवून १.१० वर. व्होल्टेज उतरवल्याने उष्णता हिवाळ्याच्या जवळपास तीन-चतुर्थांश राहते. गेल्या मे महिन्यात खोली ४१ असताना प्रोसेसर ७३ च्या पुढे गेला नाही. रेंडरला तीन तास लागतात, मूळ वेगापेक्षा वीस मिनिटे कमीच. म्हणजे छापील वेगाहून जास्त वेग आणि तरीही यंत्र गार. भर उन्हाळ्यात मला याहून जास्त काही नको आहे.

ज्यांच्या प्रोसेसरला 'के' नाही, त्यांनी निराश होऊ नये. कार्यालयात टायपिंग, हिशेब, दाखले काढणे अशी कामे असतील तर ओव्हरक्लॉकिंगने फारसा फरक पडतच नाही. तिथे जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाकावी, रॅम ८ जीबी करावी, पेस्ट बदलावी. माझ्या मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात दहा वर्षांचे यंत्र एवढ्याने बदलले. आणि सुरक्षेचा प्रश्न वेगाने सुटत नाही, हेही स्पष्ट लिहितो. माझे एडिटिंगचे यंत्र इंटरनेटला जोडलेलेच नाही, त्यावर फक्त रेंडर होते. मेल आणि बँकेसाठी दुसऱ्या जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट टाकले आहे, ते फुकट आहे आणि त्याला अपडेट मिळतात. ज्यांना हे जमणार नाही, ज्यांचे एकच यंत्र आहे आणि त्यावरच पैशांचे व्यवहार होतात, त्यांनी नवे घ्यावे, आपल्या लेखाशी तिथे माझे एकमत आहे. जुने मात्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. तांबे काढण्यासाठी वायरी आणि बोर्ड उघड्यावर जाळताना मी नदीकाठी पाहिले आहे, त्या धुराने डोळे दोन दिवस चुरचुरत होते. ई-कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये नवे झाले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच हा माल जायला हवा.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर यंत्र बदला असे सांगण्याआधी, ते उघडून साफ कसे करावे, प्रोसेसरचे आणि चिपसेटचे नाव कसे वाचावे, तापमान कसे मोजावे, हे मराठीत चित्रांसह छापावे. त्यात खोलीचे तापमान २० आणि ४१ असे दोन रकाने असावेत. मी माझ्या वहीतले सगळे आकडे, उन्हाळ्यांचे आणि हिवाळ्यांचे, आपल्याला विनामूल्य देईन. आणि शक्य झाल्यास हे होळीच्या आधी छापावे. होळी झाली की आमच्याकडे कूलर बाहेर निघतात, परीक्षा आटोपलेली मुले संगणकांशी खटपट करू लागतात आणि बोर्ड जळायला तेव्हाच सुरुवात होते.

त्या मुलाला मी वडिलांसमोर घेऊन गेलो होतो. जे झाले ते त्यानेच सांगितले. नंतर आम्ही मिळून दुसरा जुना बोर्ड शोधला, मॉस्फेटवर हीटसिंक असलेला. पैसे अर्धे त्याने माझ्याकडे अल्बमची पाने चिकटवून फेडले. आता त्याचा ८३५० छापील ४ गिगाहर्ट्झऐवजी ३.६ वर आहे, व्होल्टेज उतरवून. रविवारी दुपारी दुकान बंद असते तेव्हा तो त्याची वही घेऊन येतो. परवा त्याने स्वतःच थर्मामीटर आणला, पाऱ्याचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, आणि तो कुठे टांगायचा हे विचारत होता.

आपला नियमित वाचक,
एक फोटो स्टुडिओचालक, अकोला